कर्ता

परदेशी कंपन्या यायला लागल्या आणि उज्जैनला फ्रीगंजातल्या गोपाळकृष्ण सरांच्या इंग्रजीच्या क्लासला बसायला जागा उरेना. पॅसिव्ह व्हॉइस शिकवावा तर सरांनीच. "द ग्लास वॉज ब्रोकन" एवढं म्हणून कुणी खाली बसायला लागलं, की सर टेबलावर डस्टर आपटून विचारत, "किसके द्वारा?" करणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय ते कुणाला बसू देत नसत. टावर चौकात पोरं त्यांची नक्कल करायची, तीही याच दोन शब्दांची.

स्वतःच्या मुलीचं, जयूचं लग्न त्यांनी अशाच एका परदेशी कंपनीतल्या मुलाशी झटपट उरकलं होतं. "थोडी चौकशी करू या ना, बाबा," असं ती म्हणाली, तेव्हा तिला गप्प बसवलं होतं. दिवाळी झाली आणि ती सगळे कपडे घेऊन परत आली. दंडावरचे वळ तिने पदराखाली झाकले होते, पण चहा देताना ते दिसलेच.

सरांनी कप खाली ठेवला. तिच्याकडे न बघता, कपातल्या सायीकडे बघत ते म्हणाले, "घाईच झाली गं जरा. चौकशी करायची राहून गेली. तुझं... ऐकलं गेलं नाही."

जयूने त्यांच्यासमोरची कपबशी उचलली. स्वयंपाकघराच्या दारात थांबून, मागे वळून न बघता, तिने शांतपणे विचारलं,



"किसके द्वारा, बाबा?"