आधी तुझं रक्त

"सुई? नाव काढू नकोस!" सासूबाईंनी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. "मला घेरी येते."

सुनेनं कपाळावर हात मारला. प्रयोगशाळेत ती रोज अनोळखी माणसांचं रक्त काढायची. घरचं माणूस मात्र बधत नव्हतं. सासरे कर्करोगानं गेले होते. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता रक्तातूनच कर्करोगाचा लवकर माग काढणारी तपासणी तिच्या प्रयोगशाळेत आली होती. नुकत्याच राहायला आलेल्या सासूबाईंची ती झाल्याशिवाय सुनेच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

"आई, कळणारही नाही. काही लोक वर्षानुवर्षं रक्तदान करतात. टोचून टोचून कोपराच्या आत बारीक खळगा पडतो त्यांच्या. तसा हात दिसला की मी मनातल्या मनात सलाम ठोकते."

"ते शूर असतील बाई, मी भित्री. आणि तू आधी ताटातलं संपव. आजही अर्धं टाकलंस."

"भूक नाहीये. विषय बदलू नका."

नवरा पेपरात तोंड खुपसून हसू दाबत होता.

शेवटी सासूबाईंनी अट घातली. "आधी तुझं रक्त. तुझा निकाल आला की माझं."

"माझं कशाला? मी चांगली धडधाकट आहे!"

"मग राहू दे."

सून मनात हसली. म्हातारी जाळ्यात सापडली होती. दुसऱ्याच दिवशी ती स्वतःचं रक्त देऊन मोकळी झाली.

तिच्याच निकालात कर्करोगाचा संशय निघाला. पुढच्या तपासण्यांत आतड्यात छोटीशी गाठ सापडली. कुठेही पसरलेली नव्हती. शस्त्रक्रियेत ती मुळासकट निघाली.

"वर्षभर थांबला असतात, तर अवघड होतं," सर्जनबाई म्हणाल्या. "आता खुशाल घरी जा."

ती कामावर परतली तेव्हा सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नव्या तपासणीनं वाचवलेली पहिली पेशंट त्यांच्यातलीच होती! तिला आनंदानं रडूच फुटलं. घरी ती आता मागून मागून जेवत होती.

मग मात्र तिनं सासूबाईंना सोडलं नाही. हाताला धरून प्रयोगशाळेत आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"आता शब्द पाळा. डोळे मिटा, तोंड तिकडे करा."

"कशाला?" म्हणत सासूबाईंनी स्वेटर काढला, हात पुढे केला आणि न सांगताच मूठ आवळली.

नस शोधायला सुनेनं बोट टेकवलं. कोपराच्या आत जुना, खोल खळगा होता. दुसऱ्या हातावरही तसाच.