चाखणारा

राजानं पेला ओठाला लावला आणि वीज गेली.

दूध सोसायटीच्या खोलीत अंधार झाला. सतरंजीवर बसलेल्या बायाबाप्यांनी एकच गलका केला.

"आरं, आत्ताच जायची व्हती का!"

"पिला का न्हाय? कुणी बघितलं?"

टीव्हीच्या काचेवर एक पांढरा ठिपका उरला होता. तोही विझला.

श्रीपतीनं चाचपडत कंदील लावला. सोसायटीत दूध मोजायचं काम त्याचं. रविवारी संध्याकाळी दुधाचे कॅन गाडीवर चढले की टीव्हीच्या पेटीचं कुलूप तोच काढायचा, आणि नमुन्याच्या उरलेल्या दुधाचा चहाही तोच करायचा.

मालिका रोम नावाच्या शहरातल्या राजाची, हजारो वर्षांपूर्वीची. बोलणं सगळं हिंदीत. आबाराव निजामाच्या काळात उर्दू शिकलेले, ते मराठीत सांगत. पण निम्म्या गोष्टी लोक आपल्याच अकलेनं ठरवत. ते राजेलोक आडवं पडून जेवतात हे बघून पहिल्या रविवारी सगळ्यांना वाटलं, दुखणेकरी असतील. मग एकदा मोठ्या हौदात माणसं नुसती गप्पा मारत बसलेली दिसली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. "एवढं पाणी, अन् एक जनावर न्हाय प्यायला," नागूबाई म्हणाली होती. तेव्हापासून त्या राज्यातल्या कुणावरच तिचा भरवसा नव्हता.

"राणीनंच घातलं आसंल इख," ती आता अंधारात म्हणाली. "गेल्या रविवारी बघितलं न्हाय का, सोताच्या हातानं नवऱ्याला औषध पाजत व्हती?"

"अगं, पण चाखणारा हाय की," आबाराव म्हणाले. "आधी त्यो घोट घेतो. त्याला काय झालं न्हाय, तर मग राजा पितो."

"त्याला फितवला आसंल. माणूस अंथरुणाला खिळलं की जवळचंच कुणीतरी पाजतंय. भाईरचं कोण येतंय पाजायला?"

श्रीपती कपात चहा ओतत होता. कंदिलाच्या उजेडात कुणाकुणाची मान आपल्याकडं वळली, ते त्याला न बघताही कळलं. त्याची बायको मथुरा शिमग्याच्या सुमारास गेली होती. शेवटपर्यंत औषध त्यानंच पाजलं होतं.

भिंतीला टेकून पुतळाबाई बसली होती. मथुराची आई. लेकीच्या दिवसांना आली, आणि तिच्या गावची विहीर आटली म्हणून जावयाकडंच राहिली. गेल्या रविवारपर्यंत ती त्याच्या हातचं खात होती. सोमवारी तिनं अंगणात तीन दगड मांडून आपली वेगळी चूल केली. "मला तिखट सोसत न्हाय," एवढंच म्हणाली. प्यायचा तांब्याही आता तिचा तीच भरून घ्यायची.

श्रीपतीनं कपबशी तिच्यापुढं ठेवली. ती तशीच राहिली. चहावर साय धरली.

"मामी, चहा."

"नगं. पित्त झालंय."

"म्हातारीला चाखणारा पायजे!" मागून गुंडाप्पा म्हणाला. दोघंचौघं हसले. आपण कशाला हसलो हे ध्यानात आलं, तसे गप्प झाले.

श्रीपती तिच्यासमोर खाली बसला. त्यानं तिचाच कप उचलला, सगळ्यांच्या देखत एक घोट घेतला, गिळला आणि कप परत बशीत ठेवला.

"आवं, काय केलंत हे!" नागूबाई ओरडली. "उष्टा केला की! आता सासूनं जावयाचं उष्टं प्यायचं व्हय? वता ते भाईर, दुसरा द्या."

हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. तिकडं राजाला चाखलेलंच चालतं. इकडं चाखलं की ते दुसऱ्याच्या कामाचं राहत नाही. तो कप उचलायला वाकला, तर पुतळाबाईनं बशीवर हात ठेवला.

"जावईबापू," ती म्हणाली, "माझ्या लेकीलाबी आसंच चाखून दिलतं का?"

"व्हय," श्रीपती म्हणाला. "पयल्या दिशी तिनं थुकून टाकलं. लई कडू हाय म्हणली. मग म्या आधी घोट घ्यायचो. माझं तोंड वाकडं झालं की हसायची, अन् हसता हसता प्यायची. शेवटाला हसू येईना तिला. तरी प्यायची."

पुतळाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बाजारात बैलाचे दात बघावेत तशी, घाई न करता.

वीज आली. टीव्ही खरखरला, चित्र उमटलं. राजा पलंगावर आडवा झाला होता. डोळे उघडे. भोवती राणी, सरदार, नोकरचाकर, सगळे उभे.

"मेला की! म्या म्हणलं नव्हतं?" नागूबाई म्हणाली. पण कुणाच्या हातानं मेला, ते अंधारातच होऊन गेलं होतं. लोकांनी एकवार तिकडं बघितलं आणि माना परत इकडं वळवल्या.

पुतळाबाईनं कप उचलला होता. तो उष्टा, गार चहा ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. सगळी खोली तिच्याकडं बघत होती, त्या चाखणाऱ्याकडं बघतात तशी. श्रीपतीसुद्धा.

पदरानं तोंड पुसून तिनं रिकामा कप त्याच्याकडं सरकवला.

"आजून घोटभर द्या," ती म्हणाली. "चाखू नगा."