गाव कुठलं?

एकोणीस मुलाखती घेऊन दमलेल्या शकुंतलाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गाव कुठलं गं तुझं?"

टेबलावरचं यंत्र लाल झालं. गाव विचारणं म्हणजे भेदभावाचा खटला. ऐकलेलं उत्तर विचारणाऱ्याच्या डोक्यातून पुसायचं, नाहीतर उमेदवार बाद.

"कुसूर," विसावी उमेदवार रेवती बोलून बसली होती.

"अगंबाई, माझं माहेर!"

"म्हणजे सखूआजीची शकू तुम्हीच? जात्यावर तुमचीच ओवी गायची ती."

बाईंनी ती ओवी डोळे मिटून ऐकली. मग पोरीच्या नोकरीसाठी यंत्रावरच्या 'पुसा'वर बोट ठेवलं.

रुजू व्हायच्या दिवशी कागद पुढे सरकवत बाईंनी थकल्या आवाजात विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?"

यंत्र लाल झालं. रेवतीनं गावाचं नाव घेतलं नाही, ती हळूच गुणगुणली,

"शकू माझी लेक, गेली घाटाच्या पल्याड,
तिच्यासाठी ठेविते गं, अर्धं उघडं कवाड."