चौथा भाग

"ह्यो उडणार कवा?" उडणाऱ्या नायकाच्या परदेशी मालिकेचा चौथा भाग निम्मा झाला तरी आबाराव गुरुजींचं आपलं तेच.

"गुरुजी, ही त्याच्या बालपणाची गोष्ट हाय," शिवलीला हसली. "उडायला लई वेळ हाय. आधी त्याच्या आईचा खुनी तर सापडू द्या." शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी रोज दुपारी शेजारी तिच्याकडंच टीव्ही बघायला येत.

पडद्यावर भलतंच निघालं. आईची अंगठी एका गरीब मिस्त्रीच्या घरात सापडली म्हणून त्याला जन्मठेप झाली होती. ती अंगठी फौजदारानंच खिशातून काढून तिथं ठेवली होती.

गुरुजी टीव्हीकडं बघतच राहिले. "असं करत्यात व्हय?"

"तिकडं करत असतील. आपल्याकडं झडतीला दोन पंच लागतात की. माझ्या अप्पांच्या घरात चोरीच्या पाटल्या सापडल्या, तवा पंच तुम्हीच होता. दुसरं कुणी असतं तर म्या अप्पांचंच खरं मानलं असतं. पंचनाम्यावर तुमची सही बघितली अन् माहेर तोडलं. त्यांच्या मातीलाबी गेले न्हाय."

गुरुजी उठले, पुन्हा बसले.

"शिवलीला, सही म्या चावडीतच केली. फौजदार म्हणाले, गुरुजी, उन्हाचं कशाला येता, हितंच करा. तुझ्या अप्पांच्या घरात म्या पाऊलबी टाकलं न्हाय."