कटकट बंद

मॉलमध्ये हेडफोनच्या जाहिरातीचा खेळ रंगला होता. नवऱ्याने हेडफोन लावून नाचायचं, बायकोने माइकवरून त्याला मनसोक्त झापायचं. त्याला शब्दही ऐकू आला नाही, तर हेडफोन त्याचे. मागच्या फलकावर लिहिलं होतं, 'घरातली कटकट बंद!'

विद्याधरने बायकोला, शालनला, ओढतच मंचावर नेलं. हेडफोनमध्ये गाणं सुरू झालं आणि तो डोळे मिटून नाचू लागला. लोक खिदळले.

"वहिनी, काढा सगळी भडास!" निवेदक ओरडला.

शालनच्या मस्तकात तिडीक उठली. तिने माइक घट्ट धरला.

"अहो, माझ्या छातीत गाठ निघालीय. रोज सांगायला येते, तुम्ही मोबाइलमधून मान वर काढत नाही. उद्या ऑपरेशन आहे. भाऊ नेणार आहे मला. तुम्ही येऊ नका."

हसणं थांबलं. निवेदकाने गाणं बंद करायला लावलं. विद्याधरने हेडफोन काढले. "जिंकलो ना? काय म्हणाली ही?"



"सांगा त्यांना," शालन लोकांना म्हणाली. "माझं सांगून झालंय." माइक खाली टाकून ती सरकत्या जिन्याकडे चालू लागली.