दादाची लक्षणं

टॅक्सीत बसल्या बसल्या चिमणीनं वही उघडली. चार दिवसांत तिनं शंभर पानी वही भरून काढली होती, समासांसकट. सगळी दादाची लक्षणं.

"झोप?"

"नाही. चार रात्री डोळ्याला डोळा नाही."

"चिडचिड?"

"होते. काल गिऱ्हाइकासमोर पुठ्ठा फेकला." दादाचं पुस्तक-बांधणीचं दुकान होतं. कालपासून ते बंदच होतं.

"डोक्यात विचार घोळतात?"

"एकच. सुटतच नाही."

चिमणीनं भराभर खुणा केल्या. "आईचंही अस्संच सुरू झालं. आधी झोप गेली, मग मोठमोठे बेत. आणि आपण काय म्हणत बसलो? आई किती उत्साही झालीय! पोलीस दारात आले तेव्हा कळलं."

"या वेळी उशीर नको," दादा म्हणाला.

"होईल कसा? मी आहे ना! शाळेत सांगून टाकलं, वर्ग गेला खड्ड्यात, आधी माझा भाऊ. अहो ड्रायव्हर, दामटा की जरा!"

"ताई, सिग्नल लाल आहे. त्याला द्या दम."

चिमणी खो खो हसली. ड्रायव्हरही हसला. सिग्नल सुटला तरी तिचं हसू आवरेना. दादानं दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत चिमणी वीस मिनिटं बोलली. दादाला तिनं तोंड उघडू दिलं नाही.

"त्याचं ऐकू नका हं. म्हणेल, मला काही झालेलं नाही. आजारी माणसाला स्वतःचं कळत नाही, तिथंच तर घोडं अडतं."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्या लिहीत होत्या.

"बरा होईल ना तो? मला दुसरं कोण आहे?"

"वेळेत आलात."

चिमणीनं डोळे पुसले आणि ताडकन उठली. "फॉर्म मीच भरते. याच्या हातात पेन दिलं तर संध्याकाळ होईल." काउंटरकडे ती जवळजवळ धावतच गेली.

दार लागलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजच दाखल करून घेऊ तुमच्या बहिणीला. पण त्या यायला तयार कशा झाल्या?"

"मी आजारी आहे म्हणालो," दादा म्हणाला.