आधी पाणी कोण मागणार?

रश्श्यात मसाला आणि त्यावर वाटीभर तिखट घालून झाल्यावर केतकीचा फोन आला. “आबांनी आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यात तिखट असतंच हं. वेगळं घालू नकोस.”

मी पातेल्याकडे पाहिलं. बटाटे टाकले, साखर टाकली, कुलदेवीला हाक मारली. बाहेर तिचे वडील, कोल्हापूरचे आबा, ताटावर बसलेच होते. “कोंबडीचा रस्सा जमला तर पोरगी दिली,” असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं.

मीही त्यांच्यासमोर ताट घेऊन बसलो. पहिल्याच घासाला आबांचे कान लाल झाले.

“तिखट झालंय का?”

“हॅट्! आमच्यात पाळण्यातली पोरं खातात हे.” त्यांनी आवंढा गिळला. “तुला पाणी पाहिजे काय?”

“छे! तुम्हाला?”

“मला कशाला?”

मधला भरलेला तांब्या कुणीच उचलेना. दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या.

तेवढ्यात केतकी आली. आम्हाला रडताना बघून तीही रडायला लागली. “आबा, म्हणजे तुम्ही हो म्हणालात!” तिने आईला फोन लावला. “अगं, आबा आनंदानं रडतायत!”

आबांनी तांब्याकडे पाहिलं. रस्सा झोंबला म्हणणं कोल्हापूरच्या माणसाला शक्यच नव्हतं.

“आनंदानंच,” ते म्हणाले, अर्धा तांब्या घटाघटा संपवला आणि उरलेला माझ्यापुढे सरकवला. “प्या, जावईबापू.”